दोरीच्या अलीकडे उभे राहण्याची परवानगी

मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
जिल्हा परिषद, परभणी
यांस,



ज्या जिल्ह्यातून कोणत्याही दिशेने निघाले तरी समुद्र दिसण्यापूर्वी एक रात्र प्रवासात काढावी लागते, त्या जिल्ह्यातील एका पालकाने आपणांस समुद्रकिनाऱ्याविषयी पत्र लिहावे, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल याची मला कल्पना आहे. तथापि ज्या प्रश्नासंबंधी मी लिहीत आहे त्याचा निकाल समुद्रकाठच्या कोणत्याही कचेरीत लागणारा नसून त्याची सुरुवात आपल्याच दप्तरातून व्हावयाची आहे, म्हणून ही कैफियत आपल्याकडे दाखल करीत आहे. शाळांच्या वार्षिक सहलींचे प्रस्ताव मंजुरीसाठी आपल्या खात्याकडे येतात. मार्गाचा तपशील, गाडीचे कागद, पालकांची संमतिपत्रे, बरोबर जाणाऱ्या शिक्षकांची यादी हे सारे त्यांस जोडलेले असते, आणि स्थळांच्या रकान्यात वेरूळ, अजिंठा, देवगिरी, शिर्डी, रायगड आणि अलीकडे शहरांजवळची पाण्याच्या घसरगुंड्यांची उद्याने आळीपाळीने येत असतात. वेरूळच्या कैलासासमोर मान वर करून उभ्या राहिलेल्या मुलाचे काही वाया गेले, असे कोण म्हणेल? घसरगुंड्यांविषयी मात्र माझी थोडी तक्रार आहे. ती आज बाजूस ठेवतो. माझे म्हणणे एवढेच की, रानातला किंवा पाण्यातला प्राणी त्याच्या स्वतःच्या घरी, त्याच्या स्वतःच्या वेळी आणि त्याच्या मर्जीने पाहावयास मिळेल, असे एकही स्थळ या यादीत सहसा नसते.

याचे कारण अंशतः सवय आहे आणि अंशतः कायदा. सन २०१६ च्या १ फेब्रुवारीस रायगड जिल्ह्यातील मुरुडच्या किनाऱ्यावर सहलीस गेलेले पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले, आणि त्यानंतर शिक्षण खात्याने सहलींच्या नियमांची जी आवळणी केली, तीत समुद्रकिनारे, नद्या, तलाव, विहिरी आणि उंच टेकड्या अशा जोखमीच्या ठिकाणी विद्यार्थ्यांस नेण्यास मज्जाव झाला. त्या मज्जावामागे १४ घरांतला शोक आहे, आणि त्याविषयी हलक्या शब्दांत बोलण्याचा अधिकार कोणासही पोहोचत नाही. परंतु अपघातानंतर घाईने लिहिलेल्या प्रत्येक नियमाचा जो स्वभाव असतो तोच याही नियमाचा झाला: त्याने कृतीवर बंदी घालावयाची ती जागेवर घातली. कंबरभर पाण्यात उतरणे आणि कोरड्या वाळूवर शिस्तीने उभे राहून पाण्याकडे पाहणे, या दोन भिन्न गोष्टी त्याने एकाच खाती मांडल्या. परिणामी ज्यांच्या आईबापांस मोटार करून कोकणात जाणे परवडते त्यांची मुले शनिवार-रविवार समुद्रावर काढून येतात, आणि ज्यांच्या नशिबी शाळेची सहल हाच काय तो प्रवास असतो, त्या जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुलांस समुद्र पुस्तकातल्या निळ्या रंगावर भागवून घ्यावा लागतो.

रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात, सावित्री नदी जेथे बाणकोटच्या खाडीतून समुद्रास मिळते त्याच्या दक्षिणेस, वेळास नावाचे एक लहानसे गाव आहे. इतिहासाच्या पुस्तकात ते नाना फडणीसांचे मूळ गाव म्हणून येते. उत्तर पेशवाईचा सारा हिशेब ज्याच्या लेखणीखालून गेला त्या पुरुषाचे पूर्वज याच नारळी-पोफळींच्या वाड्यांतून देशावर गेले. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र या गावास जी ख्याती लाभली, ती ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांमुळे. सन २००२ च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडांच्या घरट्यांचा शोध घेत कोकणकिनारा पालथा घालीत असता, वेळासच्या वाळूत त्यांस कासवाच्या अंड्यांची टरफले आढळली. चौकशीअंती निष्पन्न झाले ते असे की मादी रात्री किनाऱ्यावर येऊन अंडी घालते, आणि ती अंडी कधी कोल्ह्याकुत्र्यांच्या तर कधी माणसांच्या मुखी पडतात. दुसऱ्या एखाद्या देशात अशा वेळी बहुधा कुंपण, पहारा आणि दंडाची पाटी एवढ्यावर काम भागविले गेले असते. येथे ज्यांच्याकडून अंड्यांची चोरी होत असे त्याच गावाला राखणदारी सोपविण्यात आली. गावातले तरुण पहाटे किनारा चालून मादीच्या वल्ह्यासारख्या पायांचा माग काढू लागले. घरटे सापडले की अंडी हलक्या हाताने काढून, भरतीच्या रेषेपासून सुरक्षित अंतरावर जाळीच्या कुंपणात तितकाच खोल, म्हणजे सुमारे दीड फुटाचा, आणि त्याच घाटाचा खड्डा करून पुरू लागले. पुढे काही वर्षांनी पिल्ले बाहेर पडण्याच्या हंगामात लोकांस बोलावण्याची प्रथा सुरू झाली; तिला कासव महोत्सव म्हणतात. पाहुण्यांची उतरण्याची सोय गावकऱ्यांच्याच घरी होते, आणि एका घरट्यातील शंभर-सव्वाशे अंडी गावास आता विकून खाण्यापेक्षा जपून ठेवण्यात लाभाची झाली आहेत. लोकशिक्षणावर मी आजवर जी व्याख्याने ऐकली, त्या साऱ्यांपेक्षा हा व्यवहार मला अधिक पटला.

मी माझ्या दोन मुलांसह आणि पालम तालुक्यातील एका गोदाकाठच्या गावी राहणाऱ्या माझ्या भाच्यासह तेथे गेलो तो मार्च महिन्यातला एक शनिवार होता. परभणीहून पनवेलकडे जाणारी रात्रीची गाडी आणि पुढे एस.टी., असा हा प्रवास; तो सुखाचा होता असे म्हणवत नाही, पण मुलांनी तो तक्रारीविना सोसला. संध्याकाळी सहाच्या सुमारास आम्ही किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा पुण्या-मुंबईची शेदीडशे माणसे आधीच जमलेली होती. कुंपणात प्रत्येक घरट्यावर एक बांबूची टोपली पालथी घातलेली असते, की जेणेकरून बाहेर आलेली पिल्ले भरकटू नयेत आणि आकाशातल्या घारी-कावळ्यांस ती दिसू नयेत. सकाळी आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी या टोपल्या उचलून पाहतात. त्या संध्याकाळी एकेक टोपली उचलली गेली आणि एकेकीखाली नुसती वाळू निघाली. गावच्या कार्यकर्त्याने शांतपणे सांगितले, "आज नाहीत." त्यावर घोळक्यातून जो सूर उमटला तो ऐकण्यासारखा होता. एका सद्गृहस्थांनी एवढ्या लांबून आल्याचा, खोलीचे भाडे भरल्याचा आणि सोमवारी कचेरी असल्याचा हवाला दिला, जणू वाळूखालच्या पिल्लांवर त्यांचा काही इजारा चालत होता. त्यांच्या मुलाच्या चेहऱ्यावर मात्र नाराजीहून निराळेच काही होते. ज्या जगात बोट लावताच पडद्यावर हवे ते उमटते त्याहून वेगळे जग असू शकते, ही वार्ता त्याला बहुधा प्रथमच कळत होती. आपल्या मुलांस निसर्गाकडून शिकण्यासारखे काही असेल तर त्यात ही रिकामी टोपली मी सर्वांत वर मांडीन, आणि एखाद्या सहलीच्या वाट्यास केवळ रिकाम्या टोपल्याच आल्या तरी ती सहल फुकट गेली असे मी मानणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका टोपलीखाली थोडीशी पिल्ले निघाली. वाळूच्या रंगात मिसळणारी, तळहातात मावतील एवढी, करड्या-काळ्या रंगाची. लाटेपासून काही पावलांवर ती सोडली, आणि दोन बाजूंस ताणलेल्या दोऱ्यांच्या अलीकडे आम्ही सारे उभे राहिलो. पिल्लांस उचलून थेट पाण्यात का सोडीत नाहीत, हा प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारतो. त्याचे उत्तर असे दिले जाते की, वाळूवरून स्वतःच्या बळाने चालत जाण्यातच त्या किनाऱ्याची खूण त्यांच्या ठायी मुद्रित होते, आणि त्यांतल्या ज्या माद्या मोठ्या होतील त्या अंडी घालण्यास पुन्हा त्याच मुलखाकडे वळतात. हजारांतले एखादेच पिल्लू प्रौढ होते असे म्हणतात. ते नर होणार की मादी, हेही वाळूची ऊब ठरविते. सुमारे एकोणतीस-तीस अंश उष्णतेच्या वर माद्यांचे प्रमाण वाढते आणि खाली नरांचे. उजेडाकडे ओढ घेण्याचा त्यांचा स्वभाव असल्याने छायाचित्रासाठी उडविलेल्या झोताने ती वाट चुकतात, म्हणून तेथे दिवे लावण्यास मनाई आहे. ही मनाई मोडावयास निघालेला एक हात गावातल्या मुलीने, वय फार तर दहा वर्षांचे, भर गर्दीत खाली करावयास लावला, आणि तो हात एका प्रतिष्ठित वकिलाचा होता हे मागाहून कळले.

माझी मुले पिल्लांकडे पाहत होती. भाचा टोपलीकडे पाहत होता. त्याने त्या कार्यकर्त्यास विचारले, "कोल्हा अंडी खातो म्हणता, मग त्याला मारत नाहीत का तुमी?" त्या माणसाने उत्तर दिले, "मारायचं कशाला? टोपली घातली, जाळी लावली, की तो आपल्या वाटेनं जातो." भाचा काही बोलला नाही, परंतु परतीच्या प्रवासात त्याने मला मध्येच विचारले, "मामा, आपल्या रानात रोह्यांसाठी अशी टोपली करता येईल का?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही, महोदय. शहरातील मुलाची वन्यप्राण्याशी गाठ पडते ती बहुधा लाडाच्या पोटी पडते: घाटात मोटार थांबवून माकडांपुढे बिस्किटे टाकली जातात, तरीतून जाताना सीगलांना फरसाण भिरकावले जाते, आणि त्या पक्ष्यांच्या पोटास ते सोसते की नाही याची चौकशी कोणी करीत नाही. खेड्यातील मुलाची गाठ पडते ती वैरातून. आमच्या पालम-गंगाखेडच्या शिवारात हरभरा आणि तूर उभी राहिली की रोही म्हणजे नीलगायी, काळविटांचे कळप आणि रानडुकरे रात्रीतून उतरतात. बाप राखणीला जागतो, मुलगा डबा वाजवितो, आणि सकाळी नुकसान झालेच तर तलाठ्याच्या पंचनाम्याची वाट पाहणे सुरू होते. अशा मुलास सन १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा पाठ करून घेऊन भूतदयेचे धडे देणे म्हणजे त्याच्या बापाच्या नुकसानीवर मीठ चोळणे आहे, आणि शाळेने तसे करू नये. त्याला दाखवावयाचे ते एवढेच की, प्राण्यापासून आपली वस्तू राखणे आणि प्राण्यास जिवानिशी मारणे यांच्यामध्ये बुद्धीने चालण्याजोगा बराच मोठा मुलूख मोकळा आहे, आणि वेळासच्या गावकऱ्यांनी टोपल्या विणून त्याचा एक लहानसा तुकडा लागवडीखाली आणला आहे.

आमच्या मुलांस कासव अपरिचित आहे असेही नाही. मुद्गलेश्वराच्या देवळात असो की गावच्या महादेवापुढे असो, गाभाऱ्याबाहेरच्या फरशीत कोरलेल्या कासवाच्या पाठीवर पाय न ठेवता पुढे जाण्याची सवय मराठी मुलाला चालू लागल्यापासून असते. आणि कासवी आपल्या पिलांस दूध न पाजता केवळ दृष्टीने पोसते, हा दृष्टांत आपल्या संतवाङ्मयात इतक्या ठिकाणी येतो की जनाबाईच्या गंगाखेडात वाढलेल्या कोणत्याही मुलाने तो कीर्तनात एकदा तरी ऐकलेला असणार. प्रत्यक्षात समुद्री कासवाची मादी अंडी वाळूत झाकते आणि मागे न पाहता समुद्रात निघून जाते. पिल्ले तिला कधी भेटत नाहीत. दृष्टांत खोटा ठरला म्हणून कोणी संतांवर रागावू नये, कारण त्यांना सांगावयाचे होते ते कासवाविषयी नव्हतेच. परंतु दृष्टांतातील कासवी आणि वाळूवरची कासवी यांत अंतर आहे, आणि ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहून दोहोंनाही मनात जागा देणे, ही दहा वर्षांच्या मुलाच्या आटोक्यातली गोष्ट आहे, असा माझा अनुभव आहे. शिवाय खरी कासवी काही कमी अद्भुत नाही. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर जिच्या पायास ०३२३३ क्रमांकाचा बिल्ला लावला होता, ती मादी २०२५ च्या जानेवारीत रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. म्हणजे हिंदुस्थानच्या दक्षिण टोकास वळसा घालून तिने हजारो किलोमीटर समुद्र ओलांडला होता. त्याआधी २०२२ मध्ये वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी संधान ठेवणारे यंत्र बसवून तिचे नाव 'प्रथमा' ठेवले होते. भूगोलाच्या तासाला नकाशावर समुद्राची नावे घोकून घेणाऱ्या शिक्षकास याहून सोयीचा धडा कोणता मिळणार?

आता कोणी म्हणेल की परभणीच्या मुलाने रानातले जीव पाहण्यास कोकणात कशास जावे. आक्षेप रास्त आहे. २०१९ साली टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ पाच महिन्यांत सुमारे १३०० किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला, तेव्हा त्याची वाट १ मे १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेल्या हिंगोलीच्या शिवारांतून गेली होती. गावे, रस्ते, कापसाची रानेच्या राने ओलांडीत तो बहुतेक रात्री चालला, आणि माणसांशी त्याचा तंटा झाला तो मुख्यतः एका घोळक्याने त्याच्या विसाव्याच्या झुडपात शिरण्याचे साहस केले तेव्हा. दोरीच्या अलीकडे उभे राहण्याची तालीम त्या घोळक्यास कोणी लहानपणी दिली असती तर, असे मला राहून राहून वाटते.

आणि वाळू म्हणाल तर ती आपल्या जिल्ह्यातही आहे, किंवा होती असे म्हणावे. गोदावरीस आपण गंगाच म्हणतो. पाथरीकडून जिल्ह्यात शिरून गंगाखेड, धारासूर, पालम अशी वाहत ती पूर्णा तालुक्यात कंठेश्वराजवळ पूर्णा नदीस घेते. आणि उन्हाळ्यात तिचे पात्र आटले की टरबुजांच्या वाड्यांनी हिरवे होणारे वाळवंट, त्यात उघड्यावर अंडी घालणाऱ्या टिटव्या आणि नदीसुरय, आणि दक्षिणेतल्या नद्यांतून राहणारी, मऊ चामड्यासारख्या कवचाची कासवे, ही आमच्या आजोबांच्या पिढीच्या ओळखीची होती. ढालेगाव, मुद्गल, दिग्रस येथील बंधाऱ्यांनी पाणी अडले, त्याचा शेतीस लाभ झाला, आणि वाळवंटाचा बराच भाग पाण्याखाली गेला. उरलेल्या वाळूच्या लिलावांची आणि लिलावाविना होणाऱ्या उपशाची कथा महसूल खात्याच्या दप्तरात आहे, ती मी आपणांस सांगण्याचे कारण नाही. परंतु सध्याचा नियम असा आहे की त्या वाळवंटावर ट्रॅक्टर जाऊ शकतो, शाळा जाऊ शकत नाही.

राज्याचा नियम आपण बदलू शकत नाही हे मी जाणतो. मात्र वर शिफारस पाठविणे आणि एका शाळेपुरती प्रायोगिक मुभा मागणे आपल्या अधिकारात आहे, आणि माझी विनंती तेवढीच आहे. अटी आपण कितीही कडक घालाव्यात. पाण्यात पाऊल टाकावयाचे नाही. किनाऱ्यावर थांबण्याचा वेळ सकाळ-संध्याकाळच्या त्या एकेका तासापुरता असावा. दहा मुलांमागे एक शिक्षक किंवा शिक्षिका आणि गावातला एक माहीतगार माणूस असावा. भ्रमणध्वनी शिक्षकांपाशी जमा राहावेत. तुकडी तीस-चाळीसांहून मोठी नसावी. एस.टी. महामंडळ शैक्षणिक सहलींस भाड्यात निम्मी सवलत देते, वेळासच्या घरांतून साध्या जेवणाची आणि निवाऱ्याची सोय होते. खर्च घसरगुंड्यांच्या उद्यानापेक्षा फारसा अधिक येणार नाही. ज्या शाळेस कोकण दूर पडेल तिने उन्हाळ्याच्या प्रारंभी गोदावरीच्या काठावर, किंवा रब्बीची पिके निघाल्यावर काळविटांच्या माळावर, याच अटींनिशी एक पहाट काढावी.

एक अडचण मात्र आपल्या विशेष लक्षात आणून द्यावयास हवी. शाळांच्या सहली बहुधा डिसेंबर-जानेवारीत उरकल्या जातात आणि पिल्ले वाळूबाहेर येतात ती फेब्रुवारीनंतर, मुख्यतः मार्च-एप्रिलात. परीक्षांचे वेळापत्रक कासवांस कळविण्याची सोय नसल्याने मुभा मिळाल्यास तारखांचा मेळ आपणांसच घालावा लागेल, आणि त्यासाठी प्रस्ताव दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच मागवावे लागतील. पहिल्या तुकडीबरोबर पालकांपैकी एक म्हणून स्वखर्चाने जाण्यास मी तयार आहे. माझ्या दोन्ही मुलांसाठी माझे आणि भाच्यासाठी त्याच्या आईचे संमतिपत्र या पत्रासोबत जोडले आहे.



आपला नम्र,
एक पालक, परभणी